कोतवालाचा वाटा

बबिता आणि मी परभणीला पशुवैद्यकीच्या हॉस्टेलात एका खोलीत राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी तिची तक्रार घेऊन वॉर्डनबाईंकडं गेले होते. माझ्या खोलीतली मुलगी खिडकीत मेंढरांच्या लेंड्या वाळत घालते, अशी ती तक्रार. वॉर्डनबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू इथं काय शिकायला आलीस गं? शिवणकाम?" मी मुकाट्यानं परत आले. लेंड्या हॉस्टेलच्या मोगऱ्याला घालायला आणल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात मोगरा असा फुलला की वॉर्डनबाईच रोज गजरा माळून फिरायला लागल्या.

मी धम्मशीला. गाव वालूर, वडील शाळामास्तर. घरात जनावर म्हणाल तर एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं. मला पुण्याला जाऊन बड्या लोकांच्या कुत्र्यांची डॉक्टर व्हायचं होतं आणि हे मी कुणापासून लपवत नव्हते. बबिता पेडगावच्या मेंढपाळाची लेक. आज ती परजीवीशास्त्रात पुढचं शिक्षण घेते आहे. म्हणजे जंत, गोचिड्या, काळजातले चपटे किडे, असल्या फुकट्या पाहुण्यांची चौकशी करणं हा तिचा धंदा आहे. तिच्याबद्दल लोक म्हणतात, "पोरीनं नशीब काढलं." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नशिबाचा काय संबंध? मी शेजारच्या खाटेवर होते. काय काय झालं ते मी बघितलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

बबिताच्या वडिलांचं नाव येडबा. त्यांना मी मामा म्हणते. माणूस उंच, वाळका, डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडं आणि बोलणं मोजकं. पिकं निघाली की रान मोकळं होतं. मग शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतात आणि त्या बदल्यात ज्वारी देतात. असं या शेतातून त्या शेतात फिरत मामांचं आयुष्य गेलं. बबिता लहान असताना मेंढरांमागं फिरत पाढे पाठ करायची. ती पशुवैद्यकीला लागली तेव्हा पेडगावात चहा वाटला गेला. तिची आई सुगंधाबाई सगळ्यांना सांगत सुटली, "आमची बाई आता सुई टोचणार." सुई टोचणं म्हणजे डॉक्टरकी, बाकी सगळं फालतू, असा त्यांचा हिशेब होता.

त्या घराला एकच घोर होता, भवंडीचा. कळपातलं एखादं तरणं मेंढरू बघता बघता बावचळायचं. मान एका अंगाला वाकडी करायचं आणि जागच्या जागी गरगर फिरत राहायचं. चरायचं सोडून द्यायचं, कुंपणाला धडकायचं, आणि काही दिवसांनी मरायचं. दर वर्षी पाच-सात तरी जायची. अंगारे झाले, डाग देऊन झाले, देवाला बोलून झालं. येताजाता कुणी काही सांगायचं आणि मामा ते करून बघायचे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला परजीवीशास्त्र होतं, शिकवायला बन्सीधर सर. तास जेवणानंतर लगेच. ही वेळ ज्यानं ठरवली त्याला माझा साष्टांग नमस्कार. पोटात हॉस्टेलची आमटी आणि फळ्यावर जंत. सर प्रत्येक किड्याचा एक गोल काढायचे. "ह्या लोकांना एक घर पुरत नाही," ते म्हणायचे. "एका घरात वाढतात, दुसऱ्या घरात वाट बघत बसतात. ह्या घरातून त्या घरात कसे जातात तेवढं समजून घ्या, परीक्षेत पास व्हाल." आम्ही पास होण्यापुरतं समजून घेत होतो.

त्या दिवशी सरांनी वर एक कुत्रं काढलं. ते डुकरासारखं दिसत होतं, पण आम्ही समजून घेतलं. खाली गवत, बाजूला मेंढी. कुत्र्याच्या आतड्यात फितीसारखा लांब जंत राहतो, पट्टकृमी. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. मेंढी ते गवत खाते. अंड्यातून निघालेली अळी रक्तातून फिरत फिरत मेंदूत जाते आणि तिथं पाण्याचा फुगा होऊन बसते. काही महिन्यांत तो लिंबाएवढा होतो. मेंदू दाबला जातो, मेंढी गरगर फिरायला लागते आणि मरते. मग सरांनी मेंढीच्या डोक्यातून एक बाण काढला आणि वर कुत्र्याच्या तोंडापर्यंत नेला. "तिचं डोकं कुत्र्यानं खाल्लं की झाला गोल पुरा. आतड्यात नवे जंत, गवतावर नवी अंडी."

"आणि कुत्र्याला डोकं मिळालंच नाही तर, सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर जंताचं खानदान तिथंच बुडालं. पण मिळतं. लोक मेलेलं जनावर उघड्यावर टाकतात, मग मिळतं."

माझ्या शेजारची बबिता उभी राहिली. तिला कुणी उभं केलं नव्हतं. "सर," ती म्हणाली, "आमच्याकडं टाकत न्हाईत. आमच्याकडं देतेत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ती खाली बसली आणि वहीत सरांचा तो गोल पुन्हा पुन्हा गिरवायला लागली.

खोलीत आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. त्यांच्याकडं मेंढरू मेलं की डोकं राखणीच्या कुत्र्याचं. तो त्याचा वाटा. ज्यानं लांडग्यापासून कळप राखला त्याला त्याचा वाटा द्यायलाच पाहिजे, न दिला तर राखण फळत नाही, असं तिच्या आज्यापासून चालत आलेलं. त्यांच्या कुत्र्याचं नाव कोतवाल. मामा स्वतः कुऱ्हाडीनं डोकं फोडून त्याच्यापुढं ठेवत, म्हणजे त्याला मेंदू सहज खाता यावा. आणि जे मेंढरू भवंडीनं मेलं, त्याचं डोकं माणसानं चाखायचंसुद्धा नाही, ते सगळंच्या सगळं कोतवालाला. भवंडीला भिऊन ही माणसं नेमकी भवंडच त्याला खाऊ घालत होती. हे सांगताना बबिता हसलीही आणि तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. "दर वर्षी आमी आमच्या हातानं करायलोय, धम्मे," ती म्हणाली.

पुढच्याच रविवारी ती घरी निघाली आणि मीही सोबत गेले. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात सगळं सांगून होईल आणि मग सुगंधाबाईंच्या हातचं पिठलं खायचं. पेडगावच्या बाहेर एका पडीक रानात मेंढरं होती. वाघर, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, सोडून ठेवलेलं होतं. मामा बाभळीखाली बसले होते आणि त्यांच्या पायाशी कोतवाल. हे एवढं मोठं, काळं-तांबडं, एक कान लांडग्यानं फाडलेला. मामांनी ते पिलू असताना चारठाण्याच्या एका मेंढपाळाकडून आणलेलं होतं. माझ्याकडं त्यानं असं बघितलं, की पुण्याच्या बंगल्यांतली कुत्री मला एकदम लय आवडायला लागली.

बबितानं काडीनं मातीत गोल काढला. कुत्रं, गवत, मेंढी, डोकं. सगळं बरोबर सांगितलं, पण सुरुवात चुकली. ती म्हणाली, "आबा, भवंड कोतवालामुळं व्हायलीय."

तिचा थोरला भाऊ रामहरी बाजूलाच कुऱ्हाडीनं फोक तोडत उभा होता. त्यानं एवढंच ऐकलं. "मंजी ह्या कुत्र्यानं आपली मेंढरं खाल्ली? इतकी वर्सं ह्याला पोसायलोय आमी? थांब, ह्याचा निकालच लावतो." आणि तो खरोखरच कुऱ्हाड घेऊन पुढं आला. कोतवालाला काय कळणार? त्यानं शेपूट हलवलं.

मामा उठले आणि मधे उभे राहिले. रामहरीला त्यांनी नुसत्या हातानं मागं सारलं. मग लेकीकडं वळले. "आठ दिस झाले न्हाई ऐकून आन् आळ कुणावर घेतलास, तर मुक्या जनावरावर?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "लांडग्याच्या तोंडातून त्यानं मेंढरं वढून आणली. तवा तू कुठं व्हतीस? पुस्तकात व्हतीस. त्याच्या तोंडातला घास काढायचं शिकवतेत काय तुमच्या कॉलेजात?"

"आबा, तसं न्हाई..."

"मग कसं?" मामा म्हणाले. "मी बी बेजार झालोय. एक साल आजून बघतो. फुडच्या दसऱ्याला भवंड हटली तर हटली, न्हाईतर सारी मेंढरं बजरंग व्यापाऱ्याला देऊन टाकतो आन् कापसाच्या जिनिंगवर वाचमन म्हणून बसतो. पण कोतवालाचा वाटा बंद व्हनार न्हाई. ह्या जल्मी तर न्हाई."

पिठलं आम्ही दोघींनी मान खाली घालून खाल्लं.  परत निघालो, फाट्यावर गाडीची वाट बघत उभ्या असताना बबिता एकदम म्हणाली, "आबाला माणसांत बसता येत न्हाई, धम्मे. मेंढरांतच येतं. जिनिंगच्या गेटावर खुर्ची टाकून बसला तर वरीसभर बी न्हाई टिकायचा." मला काय बोलावं ते सुचलं नाही. सुचत नसलं की मी चिडते, म्हणून मी चिडले. "मग नीट सांगायचं होतंस की! पहिलंच वाक्य कुत्र्यावर?"

तिला ते ठाऊक होतं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत बापलेकीचं बोलणं बंद. सुगंधाबाई फोन करायच्या, मामा शेजारी बसून ऐकायचे, पण फोन हातात घ्यायचे नाहीत. बबिता मात्र परजीवीशास्त्राच्या प्रयोगशाळेत पडीक राहायला लागली. आम्ही ज्या बाटल्यांकडं नाक धरून बघायचो त्या ती हातात घेऊन उजेडात धरायची. सर तिला जादा स्लाइड बघू द्यायचे. मी म्हणायचे, अगं, तुझ्या अंगाला फॉर्मलीनचा वास येतो, तुला कोण करून घेणार? ती म्हणायची, ज्याला सर्दी झालीय तो.

कोंडी फुटली ती सुगंधाबाईंमुळं. एकदा फोनवर त्या म्हणाल्या, मी शेजारीच होते, सगळं ऐकू येत होतं, "येडे, तू कोतवालाला नाव ठिवलंस, ते ह्यांना लागलं. मला ठिवलं असतंस तर ऐकून घेतलं असतं ह्यांनी." आणि स्वतःच खळखळून हसल्या. बबितानं फोन ठेवला. मग म्हणाली, "कोतवालाच्या पोटात किती जंत असतील गं? त्याला तरी कुणी विचारलं का?"

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा पेडगावला गेलो. ह्या खेपेला तिनं मातीत काही काढलं नाही. सरळ मामांपुढं बसली आणि म्हणाली, "आबा, मी चुकले. कोतवालाचा काही दोष न्हाई. पण त्याच्या पोटात जंत झालेत. त्याला औषध द्यायला पायजे."

मामांनी कोतवालाकडं बघितलं. "वाळलाय खरा," ते म्हणाले. आता खरं म्हणजे मोठ्या कुत्र्याला ह्या जंताचा फारसा त्रास होत नाही आणि कोतवाल माझ्या दृष्टीनं चांगला दांडगा होता. पण आपल्या माणसाला आजारी म्हटलं की तो वाळलेला दिसायला लागतोच. "किती लागंल औषध?"

"वजनावर हाय."

आता त्या धुडाचं वजन करायचं कसं? मामांनी त्याला दोरी बांधली आणि गावातल्या आडतीच्या काट्यावर नेलं, जिथं सोयाबीनची पोती मोजतात तिथं. आधी स्वतः एकटे उभे राहिले. मग कोतवालाला लहान लेकरागत दोन्ही हातांवर उचलून उभे राहिले. भोवती गर्दी झाली. कुणी म्हणालं, "येडबा, भाव काय?" मामा हसले. ह्या सगळ्या प्रकरणात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

सरांनी लिहून दिलेल्या गोळ्या भाकरीत गुळासोबत घालून दिल्या. कोतवालानं गूळ खाल्ला आणि गोळ्या थुंकल्या. हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा मामांनी त्याचा जबडा उघडून घशात घातल्या आणि नाक दाबून धरलं. मग त्याला एका जागी बांधून ठेवायचं, म्हणजे त्याची विष्ठा रानभर पसरणार नाही, आणि दुसऱ्या दिवशीची सगळी घाण खड्ड्यात घालून जाळायची. सर म्हणाले होते की ह्या औषधानं जंत बहुतेक विरघळून जातात, डोळ्यांना दिसेलच असं नाही. पण सकाळी दिसले. पांढरे, चपटे, शेवयांसारखे तुकडे, वळवळणारे. नशीब हा शब्द मला आवडत नाही, पण इथं मी तो वापरते. मामा उकिडवे बसले आणि काडीनं ते तुकडे उलटेपालटे करून बघत राहिले. "लेकरा," ते कोतवालाला म्हणाले, "एवढं घिऊन फिरत व्हतास व्हय रे?"

त्याच दुपारी कळपातली एक गरगरणारी मेंढी मेली. मामांनी सवयीनं कुऱ्हाड घेतली. कोतवाल बांधलेल्या जागी उठून उभा राहिला, त्याला काय मिळणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आबा, फोडा," बबिता म्हणाली. "पण त्याला देऊ नका. आधी बघा."

मामांनी डोकं फोडलं. आजवर कितीतरी डोकी त्यांनी फोडली असतील, पण फोडून ते लगेच बाजूला व्हायचे, आत कधी बघितलं नव्हतं. बबितानं मेंदूतून हळूच एक फुगा काढून तळहातावर घेतला. पातळ कातडीचा, आत नितळ पाणी आणि कातडीला आतून चिकटलेले पांढरे दाणे, खसखशीसारखे, झुबक्याझुबक्यांनी.

"हा येक दाणा मंजी येका जंताचं डोकं," ती म्हणाली. "कोतवालानं हे खाल्लं की जेवढे दाणे तेवढे जंत."

 तिच्या हातातला तो फुगा मामांनी स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाले, "मंजी त्याला मीच घातलं हे."

"तुमाला ठावं नव्हतं, आबा."

"आन् वरून मेंदू निघावा म्हनून फोडून द्यायचो."   मी दुसरीकडं बघायला लागले, तर तिथं कोतवाल आशेनं आमच्याकडं बघत होता.

मामा म्हणाले, ठीक आहे, आजपासून डोकं पुरायचं. गोळ्या दोन-दोन महिन्यांनी द्यायच्या त्याही देऊ. एवढं सगळं जुळून आलं होतं. आणि तेवढ्यात बबितानं तोंड उघडलं. ती काय बोलणार ते मला आधीच कळलं, कारण गाडीत ती तेच घोकत होती. मी तिला मागून चिमटा काढला. पण ती बोललीच.

"आबा, आजून काही मरतील."

"आता आनखी कामून?"

"ज्यांच्या डोक्यात आधीच फुगा झालाय त्यांना कोतवालाची गोळी काय करणार? तीन-चार तर जातीलच. पावसाळा सरंस्तोवर."

"मग ह्या गोळ्यांचा उपेग काय?" रामहरी मागून म्हणाला. तो एवढा वेळ गप्प होता हेच नवल.

"ह्यांच्यासाठी न्हाई. आता जी कोकरं हायेत, त्यांच्यासाठी." ती मामांकडंच बघून बोलत होती. "त्यांना भवंड लागली न्हाई तरच खरं."

मामांनी तो फुगा खड्ड्यात टाकला, वर माती लोटली आणि त्यावर मोठे दगड रचले.  येताना मी बबिताला भरपूर बोलले. म्हटलं, डॉक्टरकीत थोडं झाकून ठेवायला शिक. रोगी बरा होईल असंच सांगायचं असतं. ती म्हणाली, "आन् नंतर मेलं तर? आज अंगाऱ्यावाला म्हणतो वाचंल, उद्या मी म्हणते वाचंल. आबानं आमच्यात फरक काय धरायचा?"

मग सुरू झालं वाट बघणं. अभ्यास, परीक्षा सगळं चालू होतं, पण मला ते वर्ष आठवतं ते मामांच्या फोनमुळं. आता ते स्वतः फोन करायचे. बोलणं एका वाक्याचं. "येक गेली." आणि फोन बंद. बबिता वहीत तारीख लिहून ठेवायची. उन्हाळ्यात एक गेली. पावसाळा लागल्यावर आणखी एक. प्रत्येक वेळी मामा डोकं खोल पुरायचे आणि वर दगड ठेवायचे. कोतवाल त्या दगडांपाशी जाऊन बसायचा, रुसायचा, एकदा तर दोन दिवस मामांकडं पाठ करून बसला. त्याचा वाटा बुडाला होता आणि त्याला कारण सांगायची सोय नव्हती. मग मामांनी नवा रिवाज पाडला. सकाळची पहिली भाकरी, दुधात कुस्करून, कोतवालाची. त्याची झाल्यावर घरातली. सुगंधाबाई फोनवर कुरकुरल्या, "मला लगीन झाल्यापसून पैली भाकर मिळाली न्हाई."

दर दोन महिन्यांनी बबिता गोळ्या घेऊन जायची. प्रत्येक खेपेला मी विचारायचे, "कोकरं?" ती म्हणायची, "बरी हायेत," आणि लगेच, "आजून काय सांगता येत न्हाई." तिचं हे दुसरं वाक्य मला अगदी नको व्हायचं.

भाद्रपदात एकाच आठवड्यात दोन गेल्या. त्या दिवशी फोन मामांचा नाही, रामहरीचा आला. "चार झाल्या. लय झालं तुमचं शास्तर. मी बजरंग व्यापाऱ्याला सांगितलंय, दसऱ्याला ये म्हनून. आबा बी काय बोलंना." बबितानं फोन ठेवला आणि पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली. जेवायला उठली नाही. मी तिला म्हटलं, तूच सांगितलं होतंस ना तीन-चार जातील म्हणून? ती म्हणाली, "सांगितलं व्हतं. पण ऐकणाऱ्याला मेलेलंच दिसतं गं, धम्मे. न मेलेलं दाखवू कसं?" मला पहिल्यांदाच वाटलं, आता हे गेलं. मामा गेटावर बसणार आणि ही आयुष्यभर त्याचा दोष स्वतःकडं घेणार.

दसऱ्याला मी वालूरला घरी जायला हवं होतं. आईनं वाट बघितली असणार. पण बबिताला एकटीला पाठवायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून गेले. बजरंग व्यापारी टेम्पो घेऊन आधीच पोचला होता. पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. रामहरी त्याला सावलीत बसवून चहा पाजत होता. मामा वाघरीपाशी उभे होते, पाठ आमच्याकडं.

"भवंडीचा कळप हाय," बजरंग म्हणत होता. "चौघीजनी तर औंदा गेल्या, अख्ख्या गावाला ठावं हाय. त्या हिशेबानं भाव बोला, येडबा."

मामा वळले नाहीत. त्यांनी वाघरीचं तोंड सोडलं आणि मेंढरं बाहेर काढायला लागले. मोठी मेंढरं त्यांनी तशीच जाऊ दिली. गेल्या दिवाळीच्या आगेमागे जन्मलेली पिल्लं आली तशी त्यांनी एकेकाला पायानं अडवलं, मान हातात धरली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं आणि सोडलं. पिल्लं कसली, चांगली तरणी झाली होती, नेमक्या भवंडीच्या वयात आली होती. एक, मग दुसरं, मग तिसरं. सगळी सरळ पळत गेली. एकही वाकडं चाललं नाही, एकही अडखळलं नाही. मी बबिताचा हात धरला होता आणि तो मला दुखेल इतका तिनं आवळला होता.

शेवटचं सुटल्यावर मामा आमच्याकडं आले. बजरंगला म्हणाले, "चहा झाला का? मग निघा. मेंढरं इकायची न्हाईत."

"आबा, आपलं ठरलं व्हतं!" रामहरी उठला. "चार मेल्यात औंदा!"

"व्हय, मेल्या," मामा म्हणाले. एवढं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "मेंढरांसाठी मी आजवर कितीकांकडं गेलो. हरएक जन म्हनला, वाचंल. अंगारा देनारा म्हनला वाचंल, डागनारा म्हनला वाचंल. सारी मेली. हिनं येकटीनं मला तोंडावर सांगितलं, आबा, तीन-चार मरतील. तवाच मला कळलं, हिला ठावं हाय."

बजरंग टेम्पो घेऊन गेला. रामहरी वाघर गुंडाळायला लागला. आणि बबिता, जिनं वर्षभर एका फोनला डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती मातीत बसून मोठ्यानं रडायला लागली. अगदी नाक वाहेपर्यंत. मला एवढा आनंद झाला होता की मी पण बसले आणि तिच्यासोबत रडले. सुगंधाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मेंढरं विकली.

मामांना असलं काही जमत नाही. त्यांनी घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं. "बाई," ते लेकीला म्हणाले, "त्या फुडच्या रानातल्या भागवतची बी मेंढरं भवंडायलीत. त्याची दोन कुत्री हायेत. गोळ्या ठिवून जा."

"मी सांगते त्यांना, आबा," बबिता डोळे पुसत म्हणाली.

"तू ऱ्हाऊ दे, मी सांगतो," मामा म्हणाले आणि भागवतच्या रानाकडं चालायला लागले. चार पावलं गेल्यावर थांबले, मागं वळून म्हणाले, "आन् पैलंच सांगून ठिवतो त्याला, तीन-चार मरतील म्हनून."